डॉट एसडब्ल्यूपी: एडिटरने मागे ठेवलेला निरोप

(या भागाचं लेखी रूप, ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी. बोलतानाचे 'अं' आणि चहाचे घोट गाळलेत, बाकी तसंच ठेवलंय.)



आज एक प्रश्न विचारून सुरुवात करतो. फोनवर काही लिहिताना तुम्ही शेवटचं 'सेव्ह' कधी दाबलं होतं? आठवून बघा. नोट्समध्ये किराण्याची यादी लिहिताय, मध्येच कॉल आला, बॅटरी संपली, तरी यादी जागेवर असते. व्हॉट्सअ‍ॅपवर अर्धा मेसेज लिहून बाहेर पडलात तर तो 'ड्राफ्ट' म्हणून तुमची वाट बघत बसतो. आपल्याला याची इतकी सवय झालीये, की हे कुणीतरी कधीतरी मुद्दाम ठरवलं असेल, हे डोक्यातच येत नाही.

आजचा भाग त्याच्याच इतिहासाबद्दल आहे. एडिटर तुमच्या नकळत जी तात्पुरती फाइल लिहीत असतो, ती आली कुठून? आणि ती आपण इतक्या सहज उडवून का टाकतो? हा दुसरा प्रश्न मी तुम्हाला नाही, स्वतःला विचारतोय. का, ते आधी सांगतो.

मी दाबलेला डी

नोकरीचं माझं पहिलं वर्ष. पुण्यात. आमच्या टीममध्ये एक सीनियर होती, तिला सगळे ताई म्हणायचे, मीही. एका जुन्या सिस्टिममधला डेटा नवीन सिस्टिममध्ये न्यायचा होता, आणि कुठली जुनी नोंद कुठल्या नव्या नोंदीला जोडायची हे ताई एकेक बघून हाताने लिहीत होती. सर्व्हरवरच, व्हिम नावाच्या एडिटरमध्ये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: व्हिम म्हणजे काळ्या स्क्रीनवर चालणारा, माउसशिवाय वापरायचा एडिटर. जगातल्या जवळपास प्रत्येक लिनक्स सर्व्हरवर तो किंवा त्याचा भाऊबंद सापडतो.

ताईने सकाळपासून ती फाइल सेव्ह केली नव्हती. आळस म्हणून नाही हं. त्या फोल्डरमधली फाइल दर तासाला एक जॉब उचलायचा आणि चालवायचा. अर्धवट फाइल सेव्ह केली असती तर अर्धवटच चालली असती.

वार गुरुवार. पुण्यात राहणाऱ्यांना कळलं असेल पुढे काय होणार ते. ताई घरून काम करत होती, दुपारी एकच्या सुमाराला लाईट गेली. लॅपटॉपला बॅटरी होती, पण राउटर बंद. सर्व्हरशी जोडणी तुटली. तिने फार मनावर घेतलं नाही. ग्रुपवर एक ओळ टाकली, "लाईट गेलीये, संध्याकाळी बघते", आणि बाहेरची कामं उरकायला गेली. तिला माहीत होतं की स्वॅप फाइल आहे.

संध्याकाळी सहाला मला त्याच फाइलमध्ये एक छोटा बदल करायचा होता. फाइल उघडली. समोर दहा-पंधरा ओळींचा तो प्रसिद्ध मेसेज आला, वर मोठ्या अक्षरांत 'अटेन्शन'. खाली पर्याय: नुसतं वाचायला उघडा, तरीही एडिट करा, परत मिळवा, डिलीट करा, बाहेर पडा. हा मेसेज मी त्याआधी पन्नास वेळा बघितला असेल, आणि पन्नासही वेळा एकच केलं होतं. तेच पुन्हा केलं. डी दाबला. डी म्हणजे डिलीट.

सव्वातीनशे ओळी गेल्या. ताईच्या लॅपटॉपवर टर्मिनलची खिडकी अजून उघडी होती, वर सरकवून त्यातून चाळीसेक ओळी सापडल्या. बाकीचं तिने पहाटेपर्यंत बसून पुन्हा केलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तिला सांगलीला जायचं होतं, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. ती गाडी चुकली. ती पोचली तेव्हा ऑपरेशन होऊन गेलं होतं.

ती मला एक शब्द ओरडून बोलली नाही. सोमवारी आल्यावर तिने तोच मेसेज माझ्या स्क्रीनवर मुद्दाम आणून दाखवला आणि म्हणाली, "वाच. मोठ्याने वाच. पूर्ण." मी वाचला. आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण वाचला. मग ती म्हणाली, "अरे, हा एरर नाहीये. निरोप आहे. कोणीतरी तुझ्यासाठी लिहून ठेवलाय."

त्यानंतर मी शोधत गेलो, की हा निरोप लिहायला कोणी आणि कधी सुरुवात केली. ते सगळं आज तुम्हाला सांगतो.

जागा नव्हती म्हणून

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, बेल लॅब्जमध्ये, साधारण १९६९ साली. केन थॉम्प्सन युनिक्स लिहीत होता आणि त्यासोबत त्याने एक एडिटर लिहिला, नाव 'ईडी'. आज आपण ज्याला स्क्रीन म्हणतो तशी तेव्हा बऱ्याच लोकांपुढे नव्हती, टेलिटाइप असायचे. म्हणजे टाइपरायटरसारखं यंत्र, कागदावर छापणारं. तुम्ही सांगायचं, 'पाचवी ओळ छाप', की तो पाचवी ओळ छापायचा.

युनिक्स पुढे ज्या पीडीपी-११ मशीनवर वाढलं, ते होतं १६ बिटांचं. १६ बिटांत पत्ते बसतात ते फक्त ६४ किलोबाइटचे. तुम्ही सकाळी 'गुड मॉर्निंग'वाला जो फुलांचा फोटो डिलीट करता ना, तो याच्यापेक्षा मोठा असतो. एवढ्यात प्रोग्रॅम पण बसवायचा आणि तुमची फाइल पण. मोठी फाइल बसणार कशी?

मग त्यांनी साधा उपाय केला. फाइलचा मजकूर मेमरीत ठेवायचाच नाही. 'टेम्प' नावाच्या फोल्डरमध्ये एक तात्पुरती फाइल बनवायची, मजकूर तिथे ठेवायचा, आणि मेमरीत फक्त कुठली ओळ कुठे आहे याची यादी ठेवायची. घर लहान असलं की आपण पाहुण्यांच्या गाद्या माळ्यावर टाकतो, तसंच.

म्हणजे बघा, या फाइलचा जन्म सुरक्षिततेसाठी झालेलाच नाही. ती आली अडचणीतून. जागा नव्हती म्हणून. पण डिस्कवर ठेवलेल्या गोष्टीचा एक गुण असतो: प्रोग्रॅम मेला तरी ती राहते. हा गुण आयताच मिळाला होता. त्याचा उपयोग करून घ्यायचं कोणाला तरी सुचायला हवं होतं.

फोन कट झाला तर?

पहिला उपयोग झाला तो फोनमुळे. तेव्हा बरेच जण दुरून, टेलिफोन लाइनवरून कॉम्प्युटरला जोडले जायचे. रिसीव्हर मोडेमवर ठेवायचा आणि काम करायचं. लाइन तुटली, किंवा घरात कोणी चुकून फोन ठेवून दिला, की संपलं.

युनिक्समध्ये अशा वेळी चालू प्रोग्रॅमला एक इशारा जातो. त्याचं नाव 'सिग्हप', म्हणजे हँगअपचा सिग्नल. फोन ठेवला गेला, हाच त्याचा शब्दशः अर्थ. काहीच तयारी केलेली नसेल तर प्रोग्रॅम तिथल्या तिथे बंद पडतो. ईडीमध्ये पुढे अशी सोय आली, की हा इशारा मिळाला तर मरायच्या आधी हातातला मजकूर 'ईडी डॉट एचयूपी' नावाच्या फाइलमध्ये लिहून टाकायचा. परत आल्यावर तुमचं काम त्या नावाने सापडायचं.

आता गंमत ऐका. त्या गुरुवारी ताईची जोडणी तुटली तेव्हा सर्व्हरने व्हिमला कुठला इशारा दिला असेल? हाच. सिग्हप. फोन लाइन गेली, मोडेम गेला, फायबर आलं, पण नाव तेच आहे. व्हिमला हा इशारा मिळाला की तो सगळा मजकूर स्वॅप फाइलमध्ये नीट लिहितो आणि मगच बंद होतो. त्या दिवशीही त्याने त्याचं काम चोख केलं होतं. चुकलो मी.

मशीन उठल्यावर येणारं पत्र

आता बेल लॅब्जमधून आधी लंडनला जाऊ आणि तिथून कॅलिफोर्नियाला. लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात जॉर्ज कूलूरिस यांनी १९७६ मध्ये ईडीला जरा माणसाळवलं. त्यांच्या एडिटरचं नाव 'ईएम', अर्थ काय, तर मर्त्य माणसांसाठीचा एडिटर! ईडी देवांनाच जमतो, असा टोमणा होता तो. त्याच उन्हाळ्यात ते बर्कलीच्या विद्यापीठात गेले, तिथे बिल जॉय नावाच्या विद्यार्थ्याने ईएम बघितला. त्यावरून जॉय आणि चक हेली यांनी काम सुरू केलं आणि 'ईएक्स' तयार झाला. मार्च १९७८ मध्ये बर्कलीने युनिक्सवरच्या आपल्या प्रोग्रॅम्सची पहिली टेप वाटली, त्यात ईएक्स होता. त्याचाच पूर्ण स्क्रीनवर चालणारा अवतार म्हणजे 'व्हीआय'. व्हिम हा त्याचा वारस.

ईएक्समध्ये तात्पुरत्या फाइलला पहिल्यांदा डोकं आलं असं म्हणता येईल. शब्दशः डोकं, म्हणजे हेडर. फाइलच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असायचं: मूळ फाइलचं नाव काय, ही कोणाची, किती ओळी, कधीची. कारण टेम्प फोल्डरमध्ये पंचवीस जणांच्या फाइली पडलेल्या असतील तर कुठली कोणाची हे कळायला नको?

आणि याच्या जोडीला दोन छोटे प्रोग्रॅम. एकाचं काम जपून ठेवणं, दुसऱ्याचं काम परत देणं. मशीन बंद पडलं आणि पुन्हा सुरू झालं की टेम्प फोल्डर साफ व्हायचा. पण साफसफाईच्या आधी पहिला प्रोग्रॅम तिथून फेरी मारायचा. अर्धवट राहिलेल्या एडिटरच्या फाइली उचलायचा, 'प्रिझर्व्ह' नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवायचा, आणि हेडर वाचून त्या-त्या माणसाला मेल पाठवायचा. मशीन बंद पडलं होतं, तुमच्या अमुक फाइलची प्रत जपून ठेवली आहे, परत हवी असेल तर अशी कमांड द्या.

कल्पना करा. रात्री मशीन कोसळलंय. तुम्ही हताश होऊन घरी गेलाय. सकाळी येऊन लॉगिन करता, तर मशीननेच पत्र टाकलेलं, की घाबरू नका, तुमचं काम माझ्याकडे आहे. १९७०च्या दशकातली गोष्ट आहे ही. आणि ती कमांड आजही चालते बरं का: व्हीआय, मग डॅश आर, मग फाइलचं नाव. आर म्हणजे रिकव्हर.

आणि ज्याने हे बनवलं, त्याचंच काम गेलं

आता या इतिहासातला माझा सगळ्यात आवडता, आणि सगळ्यात वाईट वाटणारा किस्सा.

१९८४ मध्ये बिल जॉयने एका युनिक्स मासिकाला मुलाखत दिली. त्यात त्याने सांगितलं, की १९७८च्या डिसेंबरच्या आसपास तो व्हीआयमध्ये एकाच स्क्रीनवर अनेक खिडक्या उघडण्याची सोय घालत होता. म्हणजे अर्ध्या स्क्रीनवर ही फाइल, अर्ध्यावर ती. त्याच सुमाराला नवीन व्हॅक्स मशीन बसवलं होतं. बॅकअप नव्हता. टेप ड्राइव्ह बिघडलेला. तरी तो काम करत राहिला. आणि मग सोर्स कोडच खराब झाला. कागदावर पूर्ण प्रिंटही नव्हती. स्क्रीनवर दाखवण्याचा जवळजवळ सगळा भाग नव्याने लिहून झाला होता, तो गेला.

त्याने नाद सोडला. आधीच्या आवृत्तीवर परत गेला, मॅन्युअल पूर्ण केलं आणि विषय संपवला.

लक्षात घ्या, हा तोच माणूस, ज्याच्या एडिटरने हजारो लोकांचं अर्धवट काम वाचवलं. पण तात्पुरती फाइल वाचवते ती तुमचं आत्ताचं, सेव्ह न केलेलं टायपिंग. डिस्कवरचंच सगळं खराब झालं तर ती काय करणार? ती स्वतःही त्याच डिस्कवर असते. रिकव्हरी फाइल म्हणजे बॅकअप नव्हे, हे इतक्या महागात कोणी शिकलं नसेल. खिडक्यांची सोय या घराण्यात आली ती व्हिमच्या तिसऱ्या आवृत्तीत, १९९४ साली. दीड दशकानंतर.

जपणारा हात आणि मास्टर चावी

जपून ठेवणाऱ्या त्या प्रोग्रॅमची एक काळी बाजू पण सांगायला हवी. त्याला सगळ्यांच्या फाइली उचलायच्या असत, म्हणून तो 'रूट' म्हणजे मशीनच्या मालकाच्या अधिकाराने चालायचा. सोसायटीच्या वॉचमनकडे सगळ्या घरांच्या चाव्या असतात तसा. आता वॉचमनलाच कोणी गंडवलं तर?

तेच झालं. जून १९९३ मध्ये सर्ट या संस्थेने जाहीर इशारा दिला. सन मायक्रोसिस्टिम्सच्या मशीनवरच्या 'ईएक्सप्रिझर्व्ह'मध्ये अशी चूक होती, की साधा वापरकर्ता त्याचा गैरफायदा घेऊन रूटचे अधिकार मिळवू शकत होता. सल्ला काय होता, तर दुरुस्ती बसवेपर्यंत तो प्रोग्रॅम चालण्याची परवानगीच काढून टाका. म्हणजे मशीन सुरक्षित, पण तुमचं अर्धवट काम जपणारं कोणी नाही. सन कंपनीच्या संस्थापकांपैकी एक कोण? बिल जॉय. इतिहास कधीकधी असा फिरून घरी येतो.

शेजारी बसलेली लपलेली फाइल

१९८८च्या सुमाराला नेदरलँड्समध्ये ब्राम मोलेनार या प्रोग्रॅमरने अमिगा हा घरगुती कॉम्प्युटर घेतला. त्याला त्यावर व्हीआय हवा होता, मिळेना. 'स्टीव्ही' नावाची एक छोटी नक्कल मिळाली, ती घेऊन त्याने सुधारायला सुरुवात केली. १९९१ मध्ये व्हिम अमिगाच्या फुकट वाटल्या जाणाऱ्या फ्रेड फिश डिस्कवर पहिल्यांदा लोकांना मिळाला. अमिगामध्ये एका प्रोग्रॅमची मेमरी दुसऱ्यापासून वाचवायची सोय नव्हती, एक प्रोग्रॅम बिघडला की तो पूर्ण मशीनला घेऊन बुडायचा. काम वाचवणारा एडिटर अशा मशीनवर किती मोलाचा असेल, विचार करा.

व्हिमची पद्धत वेगळी आहे. रूटच्या अधिकाराचा वॉचमन नाही, मेल नाही. तुमच्या फाइलच्या शेजारीच, त्याच फोल्डरमध्ये एक लपलेली फाइल बनते. नावाच्या आधी टिंब, शेवटी 'डॉट एसडब्ल्यूपी'. तुम्ही २०० अक्षरं टाइप केलीत, किंवा टाइप करून चार सेकंद थांबलात, की बदल तिच्यात लिहिले जातात. मशीन अचानक बंद पडलं तरी नुकसान साधारण तेवढ्याचंच. नीट बाहेर पडलात की ती स्वतःहून नाहीशी होते. म्हणजे ती फाइल मागे राहिली आहे, याचाच अर्थ काहीतरी नीट झालेलं नाही.

तिच्या पहिल्या भागात काय असतं? व्हिमची आवृत्ती, फाइलचं नाव, वापरकर्त्याचं नाव, मशीनचं नाव, आणि प्रोसेस आयडी, म्हणजे ती फाइल उघडणाऱ्या प्रोग्रॅमचा चालू क्रमांक. ईएक्सच्या हेडरचाच वारसा. पण शेजारी बसल्यामुळे तिला दुसरंही काम मिळालं: टॉयलेटच्या दारावरच्या लाल खुणेचं. आत कोणीतरी आहे! दोन जणांनी एकच फाइल एकाच वेळी उघडली तर दुसऱ्याला ती सांगते, की आधीच कोणीतरी बसलंय.

मेसेजमध्ये दोनच शक्यता दिलेल्या असतात. एक, दुसरं कोणीतरी हीच फाइल आत्ता एडिट करतंय. दोन, आधीचं काम मध्येच कोसळलं. आणि कुठली शक्यता खरी हे ओळखायची खूण त्यातच असते. त्याच मशीनवर तो प्रोसेस अजून चालू असेल तर आयडीच्या पुढे तसं स्पष्ट लिहून येतं, आणि तेव्हा व्हिम तुम्हाला डिलीटचा पर्याय देतच नाही. काय हुशारी आहे बघा. माझ्या वेळी पर्याय दिला होता, कारण ताईचा व्हिम तोपर्यंत बंद झाला होता. पण त्याच्याच वरती आणखी एक ओळ होती: 'मॉडिफाइड: येस'. म्हणजे यात सेव्ह न केलेले बदल आहेत. ती ओळ मी वाचली नाही.

मग डी दाबायची सवय लागते कशी?

माझ्यापुरतं उत्तर सांगतो. पहिल्यांदा कधीतरी तुम्ही शहाण्यासारखं आर दाबता, काम परत मिळतं, सेव्ह करता, खूश होता. पण रिकव्हर केल्यावर जुनी स्वॅप फाइल आपोआप जाईलच असं नाही. ती आपण उडवायची असते. ते तुम्हाला माहीत नसतं. मग पुढच्या वेळी तोच मेसेज, त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा तोच. शेवटी वैतागून डी दाबता, कटकट संपते. मेंदू शिकतो: हा मेसेज म्हणजे कटकट, डी म्हणजे सुटका. ज्यांना डीची भीती वाटते ते 'तरीही एडिट करा' दाबत राहतात, मग एसडब्ल्यूपीनंतर एसडब्ल्यूओ, मग एसडब्ल्यूएन अशा फाइली साठत जातात, वर्णमाला उलटी मोजत.

म्हणून बरोबर पद्धत लिहून घ्या. मेसेज आला की आधी वाचा: नाव कोणाचं, तारीख कुठली, बदल आहेत का, प्रोसेस चालू आहे का. चालू असेल तर बाहेर पडा आणि त्या माणसाला फोन करा. नसेल तर आर दाबा. परत मिळालेला मजकूर लगेच मूळ फाइलवर लिहू नका, वेगळ्या नावाने सेव्ह करा आणि दोन्ही ताडून बघा. खात्री पटली की मगच जुनी स्वॅप फाइल काढा. डी हे शेवटचं पाऊल आहे, पहिलं नाही.

काही जण सेटिंगमध्ये स्वॅप फाइल बंदच करून टाकतात. घरच्या लॅपटॉपवर तुमची मर्जी. काही जण सगळ्या स्वॅप फाइली एकाच फोल्डरमध्ये पाठवतात, फोल्डर स्वच्छ राहतो म्हणून. व्हिमचा नवा भाऊ निओव्हिम तर मुळातच त्या तुमच्या होम फोल्डरच्या आत ठेवतो. सोयीचं आहे, पण किंमत समजून घ्या: दोन वेगळ्या वापरकर्त्यांच्या स्वॅप फाइली दोन वेगळ्या जागी गेल्या, की 'आत कोणीतरी आहे' ही खूण गेली.

आणि उलटा धोकाही आहे. वेबसाइटच्या फोल्डरमध्ये पासवर्डवाली पीएचपी फाइल एडिट करताना जोडणी तुटली आणि स्वॅप फाइल तिथेच राहिली, तर? सर्व्हर पीएचपीने संपणारी फाइल चालवतो, पण एसडब्ल्यूपीने संपणारी फाइल जो मागेल त्याला तशीच देऊ शकतो. पासवर्डसकट. त्यामुळे सर्व्हरवर अशा फाइली शोधून काढायच्या, आणि गिटमध्ये त्या जाणार नाहीत अशी ओळ आधीच घालून ठेवायची.

सेव्हचं बटण हळूहळू नाहीसं झालं

हे फक्त व्हिमचं नाही. ईमॅक्सवाले ऐकत असतील तर रुसू नका: तुमचा एडिटर ३०० की दाबल्या की किंवा ३० सेकंद शांतता असली की दोन्ही बाजूंना हॅश चिन्ह असलेली फाइल लिहितो. नोटपॅड प्लस प्लस सात सेकंदांनी लिहितो. व्हीएस कोडमध्ये २०१६ मध्ये 'हॉट एक्झिट' आलं, सेव्ह न करता बंद केलं तरी पुन्हा उघडल्यावर सगळं जागच्या जागी. आणि तुमच्या फोनवर तर तो प्रश्नच विचारला जात नाही.

सोय उत्तमच आहे. फरक एवढाच, की फोन हे सगळं गुपचूप करतो, आणि व्हिम आजही तुम्हाला विचारतो. कारण शेअर केलेल्या सर्व्हरवर ते काम तुमचंच असेल असं नाही. कुणाचं आहे ते ठरवायला माणूस लागतो. ज्याने तो मेसेज वाचला आहे असा माणूस.

ब्राम मोलेनार ३ ऑगस्ट २०२३ रोजी गेले. तीसहून अधिक वर्षं त्यांनी व्हिम सांभाळला, फुकट दिला, आणि बदल्यात वापरणाऱ्यांना युगांडातल्या किबाले गावाजवळच्या मुलांसाठी मदत करायची विनंती केली. नुसता व्हिम सुरू केलात तर ती ओळ आजही पहिल्या स्क्रीनवर दिसते. तीही फार कमी जण वाचतात.

आजचा गृहपाठ. व्हिममध्ये एखादी साधी फाइल उघडा, चार ओळी लिहा, सेव्ह न करता टर्मिनलची खिडकीच बंद करा. मग पुन्हा उघडा. मेसेज येईल. मोठ्याने वाचा, पूर्ण. मग आर दाबा आणि तुमच्या चार ओळी परत येताना बघा. खऱ्या कामाच्या दिवशी हात आपोआप डीवर जाणार नाही.

ताई आता दुसऱ्या कंपनीत आहे. हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी मी तिला फोन करून विचारलं, ही गोष्ट सांगू का? हसली, म्हणाली, "सांग की. पण आई ठणठणीत आहे, तेही सांग. चष्म्याशिवाय पेपर वाचते."

तर सांगितलं. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि हो, कोलन डब्ल्यू दाबत राहा!